चिपच्या मागणीचा पंचनामा

भरारीनानांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. हे अर्थात नानांचं मत. नानांचं मत म्हणजे घरातला कायदाच, फक्त तो पाळणारं घरात कुणी नव्हतं.

नाना एकतीस वर्षं वीज कंपनीच्या भरारी पथकात होते. न सांगता धाड घालून वीजचोर पकडायचे, हे त्यांचं काम. त्यावरून पडलेलं हे नाव. खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं, आणि ते बरोबर लिहिलंय की नाही याची नानांना दर महिन्याला शंका यायची! तारेवर आकडा टाकणारे, मीटरला चुंबक चिकटवणारे, नानांनी कुणालाही सोडलं नाही. एका बहाद्दराने चोरीची वायर कपाटातून नेली होती आणि कपाटात बायकोला बसवलं होतं. नाना आले की ती आतून खोकायची, म्हणजे तपासणाऱ्याला दार उघडायला संकोच वाटावा. नानांनी खोकल्यासकट वायर बाहेर काढली!

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की काय होणार? बिस्किटांच्या पुड्यावर 'बारा नग' लिहिलं असलं तरी नाना मोजून घेत. दाराची बेल वाजली की "कोण आहे?" एवढं विचारून त्यांचं भागत नसे. पाठोपाठ "कशावरून?" असंही विचारत. दूधवाल्याने शेवटी दूध दारात ठेवून पळून जायला सुरुवात केली, आणि मग तर नानांची खात्रीच पटली की त्याच्या मनात काळंबेरं आहे.

नानांच्या बायकोला सगळी वस्ती मावशी म्हणायची, तेव्हा आपणही मावशीच म्हणू. मावशी कपडे शिवायच्या. बावीस वर्षं, झोपायच्या खोलीत, पलंग आणि कपाट यांच्या मधल्या बोळात! मशीनवर बसायचं तर आधी पलंगावर चढायचं आणि पलीकडे उतरायचं. गिऱ्हाइकांची मापं स्वयंपाकघरात घेतली जात, आणि फिटिंग चालू असताना नानांना बाल्कनीत उभं केलं जाई. ऊन असो, गारठा असो, आतून "झालं!" अशी हाक येईपर्यंत नाना बाहेर.

मावशींना एकच गोष्ट हवी होती. रस्त्यावर दार असलेला, पुढे काच असलेला स्वतःचा गाळा. बावीस वर्षांत त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि आता तो योग आला होता. शाळेशेजारचा वह्या-पुस्तकांचा दुकानदार दुकान आवरत होता. तो मावशींना म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत डिपॉझिट द्या, गाळा तुमचा. पण एक तारीख उजाडली तर मी थांबणार नाही." डिपॉझिटचे पैसे तयार होते. निम्मे मावशींच्या शिवणाचे, निम्मे नानांच्या फंडातले. सगळे ठेवले होते नानांच्या खात्यात, कारण मावशींच्या बँकेवर नानांचा विश्वास नव्हता!

महिनाअखेरीला अजून सव्वीस दिवस होते, आणि तेवढ्यात रविवारी जावई आले.

"बाबा, ग्राफिक्स चिपवाल्या कंपन्यांवर लक्ष ठेवा," जावई चहा पिता पिता म्हणाले. "कॉम्प्युटरवर चित्रं पळतात ना, ती पळवणारी चिप. ती बसवलेलं कार्ड गेम खेळणाऱ्यांना लागतं, व्हिडिओ करणाऱ्यांना लागतं. मागणी प्रचंड आहे म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"सगळेच."

"सगळे म्हणजे कोण? लेखी आहे का कुठे?"

जावयांनी कप खाली ठेवला आणि त्यांना एकाएकी दुसरीकडे जायचं आठवलं.

नाना विचारात पडले. जावई फुकट सल्ला देतो म्हणजे त्याचा काहीतरी डाव असणार. पण डाव असेल तर त्याच्याकडे ते शेअर असणार, आणि शेअर असतील तर तो ते वाढावेत म्हणूनच धडपडणार. म्हणजे वाढणार! संशयाच्या रस्त्याने निघून नाना विश्वासाच्या दारात कसे पोचले, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. शिवाय गाळ्याचे पैसे सव्वीस दिवस नुसते लोळत पडणार, हेही त्यांना बघवेना. त्यांनी निम्मे पैसे घालून अशा एका कंपनीचे शेअर घेतले. मावशींना सांगितलं नाही. सांगितलं की त्या प्रश्न विचारणार, आणि घरात प्रश्न विचारायचं खातं नानांकडे होतं.

शेअर घेतले आणि नानांची झोप उडाली. एका वर्तमानपत्रात एक तज्ज्ञ म्हणाला, लोक कार्डांवर तुटून पडलेत, गोदामं रिकामी झालीत. दुसऱ्या वर्तमानपत्रात दुसरा म्हणाला, किमती ऐकून लोक घरी परततायत, जुन्यावरच भागवतायत. नानांनी दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा काढून हसले.

"दोघंही ऑफिसात बसून मीटरवरचा आकडा वाचतायत! जागेवर जाऊन वायर कुणी बघितली?"

धाड घालायचं ठरलं! नानांच्या पथकाचा एक नियम होता: एका जागी तीनदा जायचं, तिन्ही वेळा वेगळा माणूस होऊन. पहिल्या खेपेला समोरचा सावध असतो, दुसऱ्या खेपेला गोंधळतो आणि तिसऱ्या खेपेला खरं बोलतो. या नियमाने नानांनी तीनशे चोर पकडले होते. तोच नियम आता ग्राफिक्स कार्डांना लागणार होता.

बाजाररस्त्यावर, लाँड्री आणि चष्म्याचं दुकान यांच्या मधे, एक कॉम्प्युटरवाला होता. दुकान ऐसपैस, पण निम्मं रिकामं. कारण दोन वर्षांपूर्वी त्याने हौसेने ढीगभर कीबोर्ड मागवले आणि ते विकता विकता त्याच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता. काउंटरमागे पांढरा फळा टांगला होता आणि कुणी एखाद्या वस्तूची चौकशी केली की तो तिच्या नावापुढे एक रेघ मारायचा. चार उभ्या, पाचवी आडवी, झाली एक जुडी. आठ जुड्या भरल्याशिवाय माल मागवायचा नाही! साधी, सरळ, चोख पद्धत. तिला फक्त भरारीनाना माहीत नव्हते.

पहिल्या दिवशी नाना काळा चष्मा लावून गेले.

"मी निवृत्त वैमानिक," ते म्हणाले. "घरबसल्या विमान चालवायचा गेम खेळायचाय. कार्ड मिळेल?"

"सध्या नाही काका. चौकशी चांगली आहे, माल मागवायचा विचार आहे. नंबर देऊन ठेवा."

नानांनी नंबर दिला. स्वतःचा! आता तुम्ही म्हणाल, एवढा बेरकी माणूस, खोटा नंबर नाही का देणार? पण खोटा नंबर देणं म्हणजे फसवणूक, आणि फसवणुकीशी तर नानांचा उभा दावा होता. कॉम्प्युटरवाल्याने फळ्यावर रेघ मारली. नानांनी काळ्या काचेआडून मोजलं. दोन जुड्या आणि एक रेघ.

दोन दिवसांनी नाना शर्टाला चुना फासून शिल्पकार होऊन गेले. "पुतळे आधी कॉम्प्युटरवर करतो, मग दगडात," त्यांनी ठोकून दिलं. नंबर अर्थात परत स्वतःचाच. आणखी एक रेघ. मधे एकदा आवाज बदलून फोन केला. आणखी एक रेघ.

पण खातरजमा एकट्याने करून चालत नाही. साक्षीदार लागतो. नानांनी मेहुण्याला, म्हणजे मावशींच्या भावाला, बागेच्या फाटकाशी गाठलं.

"तू जायचं, कार्ड आहे का विचारायचं, आणि दुकानदाराचा चेहरा बघून यायचं."

"का पण, भावोजी?"

कारण सांगावं लागलं. शेअरचंही सांगावं लागलं. "आणि हे बघ, कुणाला बोलायचं नाही. ताईला तर मुळीच नाही!"

"भावोजी, माझं तोंड म्हणजे कुलूप!"

या कुलपाच्या किल्ल्या बागेत फिरायला येणाऱ्या प्रत्येकाकडे होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या दुसऱ्या फेरीपर्यंत ही गुप्त बातमी निवृत्त हेडमास्तरांना, औषधवाल्या बाईंना, चष्मेवाल्याला आणि आणखी पंधरावीस जणांना कळली. मेहुण्याने स्वतः शेअर घेतलेच, पण या सगळ्यांनीही घेतले. आणि शेअर घेतल्यावर नानांना पडला तोच प्रश्न सगळ्यांना पडला. मागणी खरंच आहे का? जो तो आपापल्या सोयीने, एकमेकांना चुकवून, बाजाररस्त्याकडे निघाला!

तिसऱ्या खेपेला नाना शेजाऱ्यांची काठी टेकत, गेमवेड्या नातवाचे आजोबा होऊन गेले, तर दुकानात चक्क रांग! नानांचं काळीज सुपाएवढं झालं. पुढे एक धिप्पाड गृहस्थ उभे होते. ते हेडमास्तर, पण बागेत नानांचं पाऊल कधी पडत नसल्यामुळे दोघांची ओळख नव्हती.

"तुम्हालाही कार्डच हवंय?" नानांनी हळूच विचारलं.

"हो. तुम्हाला?"

"हो. नातवासाठी."

"मलाही नातवासाठीच."

"कितवीत आहे?"

"तुमचा कितवीत आहे?"

"मी आधी विचारलं."

"तुम्ही आधी सांगा."

"सातवीत!" नाना घाईने म्हणाले.

"माझाही सातवीतच," हेडमास्तर त्याहून घाईने म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं की जणू एकाने दुसऱ्याचं पाकीट मारलंय.

फळ्यावर सात जुड्या भरल्या होत्या. आठवडाभरात अकराच्या पस्तीस! नाना दुकानाबाहेर पडले आणि काठी काउंटरलाच विसरून जवळजवळ धावत घरी आले. डोळ्यांनी बघितलेला पुरावा होता हा. कुणा तज्ज्ञाचं ऐकून नव्हे, जागेवर जाऊन, तीन भेटी देऊन! त्यांनी उरलेल्या निम्म्या पैशांचेही शेअर घेऊन टाकले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा काखेत धरून नाना आरशासमोर उभे राहिले आणि स्वतःकडे बघून समाधानाने हसले.

पुढचं लचांड सुरू झालं ते नाना आंघोळीला गेले असताना. त्यांचा फोन वाजला. मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढून तो घेतला.

"नमस्कार, वैमानिक आहेत का?"

"इथे कुणी वैमानिक नाही. चुकीचा नंबर लागला."

दोन मिनिटांनी परत फोन. तोच आवाज. "नमस्कार, शिल्पकार आहेत का?"

"अहो, हे घर आहे! इथे मी शिवते आणि माझे यजमान संशय घेतात. बाकी कुणी काही करत नाही!"

पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा. "माफ करा मावशी, शेवटचं विचारतो. गेमवेड्या नातवाचे आजोबा आहेत का?"

"आम्हाला नातू नाही हो."

"असं कसं? ते तर म्हणाले सातवीत आहे!"

मावशींनी बोटांवर हिशेब केला. मुलीच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. मग हा सातवीतला नातू आला कुठून? आणि मग एकेक गोष्ट डोळ्यांपुढे येऊ लागली. काळा चष्मा. चुन्याने माखलेला शर्ट. शेजाऱ्यांची काठी. रोज दुपारी "जरा जाऊन येतो" म्हणून निघणं. एकतीस वर्षं ज्या माणसाने जगावर संशय घेतला, त्याच्यावर संशय घ्यायला मावशींना कधी सवडच झाली नव्हती. आता झाली!

"तुम्ही बोलताय कुठून?" त्यांनी विचारलं, आणि पत्ता लिहून घेतला.

तासाभरात मावशी गळ्यात टेप तशीच ठेवून कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात उभ्या होत्या. आता एकदम "माझ्या नवऱ्याचा नातू कुठाय?" असं कसं विचारायचं? त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि फळ्यावर वाचलं तेच बोलून टाकलं.

"ते… ग्राफिक्स कार्ड आहे का?"

"मावशी, तुम्हीसुद्धा!" कॉम्प्युटरवाल्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. गेल्या चार दिवसांत आणखी चार जण येऊन गेले होते. त्याने फळ्यावर आडवी रेघ ओढली. आठवी जुडी भरली! चाळीस! त्याने तिथल्या तिथे फोन उचलला आणि होतं नव्हतं ते भांडवल घालून चाळीस कार्डं मागवली.

"आणि तो सातवीतला नातू असलेला माणूस," मावशी म्हणाल्या, "तो दिसतो कसा?"

"काठी टेकत आले होते बिचारे. जाताना काठी इथेच टाकून धावत गेले. ही बघा काठी."

मावशींनी काठी ओळखली. शेजाऱ्यांनी ती दोनदा परत मागितली होती आणि दोन्ही वेळा नाना म्हणाले होते, "आमच्याकडे दिली याला पुरावा काय?"

घरी आल्यावर मावशी नुसत्या बघत राहिल्या. नानांना ते बघणं कळलं आणि त्यांना संशय आला की हिला संशय आलाय.

"अशी काय बघतेस?"

"कुठे काय? बाहेर निघालात?"

"वाचनालयात."

"काळा चष्मा लावून?"

"हल्ली छपाई फार पांढरी असते."

गुरुवारी सकाळी चाळीस कार्डं आली. कॉम्प्युटरवाल्याने यादीतल्या सगळ्यांना निरोप धाडला: अकरा वाजता या, माल आलाय! नाना यावेळी कुठलाही वेष न करता निघाले. आता चौकशी नव्हती, पंचनामा होता. लोक पैसे मोजून खोके उचलतायत, हे याचि डोळा बघायचं आणि शांतपणे घरी यायचं. मावशी दहा पावलं मागे ठेवून त्यांच्या पाठोपाठ निघाल्या.

दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती! काउंटरवर चाळीस खोके विटांसारखे रचले होते आणि समोर तीसेक माणसं उभी होती. नाना हरखून गेले. पण पाच मिनिटं झाली, दहा मिनिटं झाली, पुढे कुणी सरकेना.

"या ना, घ्या ना!" कॉम्प्युटरवाला म्हणाला.

"यांना आधी द्या," हेडमास्तर औषधवाल्या बाईंकडे बोट दाखवून म्हणाले.

"छे छे हेडमास्तर, मला घाई नाही. हे आधी आलेत," बाई चष्मेवाल्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"मी शेजारीच असतो. कधीही घेईन!" चष्मेवाला म्हणाला.

सगळे एकमेकांकडे डोळे लावून बसलेले! जो तो दुसरा कधी विकत घेतो ते बघायला आलेला. शेवटी कॉम्प्युटरवाल्याने यादी हातात घेतली.

"वैमानिक!"

कुणी ओ देईना. त्याने नंबर लावला. नानांचा खिसा वाजला. नानांनी घाबरून तो दाबला.

"शिल्पकार!"

नानांचा खिसा पुन्हा वाजला. आता माना वळल्या. नाना छताकडे बघत राहिले.

"गेमवेड्या नातवाचे आजोबा!"

खिसा तिसऱ्यांदा वाजला, आणि दारातून मावशींचा आवाज आला, "उचला की! नातवाचा असेल!"

कॉम्प्युटरवाल्याने यादीकडे बघितलं, मग नानांकडे, मग फळ्याकडे.

"म्हणजे हे तिघं तुम्हीच? काका, तुम्हाला कार्ड नकोय?"

"मी… मी मागणी तपासत होतो," नाना म्हणाले. "शेअर घेतलेत त्या कंपनीचे."

"तुम्हीही?" हेडमास्तर ओरडले. "मीही तेच करत होतो!"

"अगंबाई, मीसुद्धा!" औषधवाल्या बाई म्हणाल्या. "मी तर नणंदेला आणि भाच्यालाही पाठवलं होतं!"

"थांबा, थांबा!" कॉम्प्युटरवाल्याने यादी काउंटरवर आपटली. "खरं गिऱ्हाईक कोण आहे इथे? हात वर करा!"

एकच हात वर आला. तो माणूस माऊस दुरुस्त करायला आला होता.

मग जो गोंधळ उडाला! सगळ्यांनी एकदम फोन काढले आणि शेअर विकायला सुरुवात केली. कुणाला पासवर्ड आठवेना, कुणाचा चष्मा सापडेना, आणि चष्मेवाला गर्दीत अडकलेला. पंख्यांच्या खोक्यामागून मेहुणा बाहेर आला.

"भावोजी, विका! मी विकले! आत्ताच्या आत्ता विका!"

नानांनी फोन काढला. बोट बटणावर नेलं. आणि थांबले. एकतीस वर्षांची नोकरी त्यांच्या कानात कुजबुजली. एवढी माणसं एका जागी, एका वेळी, एकच गोष्ट करतात? आणि आपल्यालाही करायला लावतात? कट! हा उघड उघड कट आहे! मी विकले की हे सगळे स्वस्तात उचलणार!

"वा रे वा!" नाना गरजले. "मला फसवता? भरारी पथकाला? हा हेडमास्तर कशावरून हेडमास्तर?"

"अहो, पण विकायचं काय?" मावशी पुढे आल्या. "कसले शेअर? कशाच्या पैशांचे?"

खरं सांगायची वेळ आली की संशयी माणसाची जीभ सगळ्यात जड होते.

"गाळ्याच्या," नाना शेवटी म्हणाले.

मावशींचा चेहरा उतरला. सातवीतला नातू खरा निघाला असता तरी त्या इतक्या पांढऱ्या पडल्या नसत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "विका."

"अगं, ऐक तर! उद्या कंपनीचा तिमाहीचा निकाल आहे. एकच दिवस. आणि हे सगळे नाटक करतायत, तुला कळत नाही…"

"मी नाटक करतेय का?"

नानांनी तिच्याकडे बघितलं. ती नाटक करत नव्हती, हे त्यांना दिसत होतं. पण तिलाही यांनी फितवलं असेल तर? आणि नानांनी फोन खिशात घातला. ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. दुकानातल्या तीस भोळ्या माणसांचे पैसे वाचले आणि बुडाला तो एकटा, ज्याला फसवणारा अजून जन्माला यायचा होता.

शुक्रवारी निकाल लागला. कंपनीनेच सांगितलं की घरगुती गिऱ्हाईक हात आखडून आहे, चौकश्या उदंड, खरेदी थंड. दुपारपर्यंत शेअर गडगडला आणि पैशातला तिसरा हिस्सा हवेत विरला. नानांनी उरलेले शेअर विकले आणि पैसे मावशींपुढे ठेवले. शाळेशेजारच्या गाळ्याला ते पुरणार नव्हते. एक तारखेला तिथे चपलांचं दुकान लागलं.

मावशी पुढचे दोन दिवस नुसत्या पलंगावर चढायच्या, पलीकडे उतरायच्या आणि मशीन चालवायच्या. त्या मशीनच्या आवाजाने नानांना अन्न गोड लागेना. त्यांनी न सांगता चहा केला, न सांगता शेजाऱ्यांची काठी दुकानातून आणून परत दिली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दुसऱ्या कुणावर नव्हे, स्वतःवर संशय आला, आणि तो अगदी रास्त होता. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," एवढंच मावशी एकदा भिंतीकडे बघून म्हणाल्या. ते भिंतीला उद्देशून नव्हतं.

सोमवारी मावशी सकाळीच बाहेर पडल्या आणि दुपारी परतल्या.

"दुकान घेतलं," त्या म्हणाल्या.

"कुठे? कुणाचं?"

"कॉम्प्युटरवाल्याचं निम्मं. चाळीस कार्डं त्याच्या गळ्यात पडलीत, परत कुणी घेत नाही, त्याला भाडं भरायची पंचाईत. उजवी बाजू मला दिली. लहान आहे, पण रस्त्यावर दार आहे. काच आहे."

"अगं, पण मला विचारायचं तरी! तो माणूस कसा आहे, कागदपत्रं खरी आहेत का…"

"तुम्ही मला विचारलं होतं?"

नाना उठले आणि चहा ठेवायला आत गेले.

दुकान सुरू झालं त्या दिवशी मावशी काचेमागे मशीनवर बसल्या. पहिल्यांदाच कशावरही न चढता! नाना स्टुलावर, लांब, अवघडून बसले होते. तेवढ्यात डाव्या बाजूने कॉम्प्युटरवाला आला. चेहरा पडलेला.

"मावशी, एक काम होतं. ही कार्डं कधी विकली जातील देव जाणे. खोके धुळीने भरायला लागलेत. चाळीस खोळी शिवून द्याल?"

मावशींनी एक खोका घेतला, लांबी, रुंदी, उंची मापली, कागदावर लिहिली.

"कापड मजबूत घालते. झाकायला झडप शिवते. मंगळवारी मिळतील."

"आणि पैसे, मावशी? सध्या माझ्याकडे जरा…"

"तुमच्याकडून कोण घेतंय?" मावशी म्हणाल्या आणि त्यांनी मान वळवून स्टुलाकडे बघितलं.

नाना उठले. निमूटपणे पाकीट काढलं आणि मोठी नोट पुढे केली.

"निम्मे आता घे, निम्मे मंगळवारी देतो," ते चाचरत म्हणाले.

"सगळे आगाऊ," मावशी म्हणाल्या. "हल्ली कुणाचा भरवसा देता येत नाही."

त्यांनी नोट घेतली, काचेपाशी गेल्या आणि भर रस्त्यासमोर ती उजेडात धरून, उलटून पालटून, नीट तपासली.